मेंदूतली हळू वाढणारी गाठ: पहिल्या आकडीपासून उपचार आणि देखरेखीपर्यंत

रिपोर्टवर 'लो ग्रेड ग्लायोमा', म्हणजे मेंदूच्या आधारपेशींतून उगवणारी, हळू वाढणारी गाठ, असे लिहून आले की घरात दोन तट पडतात. एकाला वाटते, उद्याच्या उद्या ऑपरेशन उरकून टाकावे. दुसरा म्हणतो, हळू वाढणारी आहे ना, मग वर्षभर बघू. दोघांचीही तळमळ खरी, पण दोघांचाही अंदाज चुकतो. ही गाठ निरुपद्रवी नाही. ती हळूहळू मेंदूत मुरत जाते आणि काही वर्षांनी रूप बदलून आक्रमकही होऊ शकते. पण नीट तपासण्या करायला, दोन तज्ज्ञांना विचारायला आणि शांत डोक्याने ठरवायला बहुतेक रुग्णांना काही आठवडे मिळतात. ते आठवडे घाबरण्यात किंवा टाळाटाळीत जाऊ नयेत म्हणून ही पायरीपायरीची मांडणी.

आधी एक फरक लक्षात घ्या. मेंदूच्या आवरणातून उगवणारा मेनिंजिओमा, पिट्युटरी ग्रंथीची गाठ, कानाच्या नसेवरचा श्वानोमा याही बहुधा हळूच वाढतात. पण त्या मेंदूला बाहेरून दाबतात, त्यात मिसळत नाहीत. त्यांचा मार्ग वेगळा आणि बऱ्याचदा सोपा असतो. हा लेख मेंदूच्या आतल्या, दुसऱ्या ग्रेडच्या (ग्रेड म्हणजे जहालपणाची एक ते चार अशी पायरी) ग्लायोमांबद्दल आहे, म्हणजे ॲस्ट्रोसायटोमा आणि ऑलिगोडेंड्रोग्लायोमा. टीपकागदावर शाई पसरावी तशी ही गाठ पसरते. डाग दिसतो त्याच्या कडेपलीकडेही शाई गेलेली असते, म्हणून 'मुळासकट काढून टाकली' हे वाक्य इथे फारसे खरे नसते. रुग्ण बहुधा तिशी-चाळिशीतले, ऐन कामाच्या वयातले असतात.

पायरी १: आकडी ओळखा

बहुतेकांच्या बाबतीत पहिली खूण डोकेदुखी नसते, आकडी असते. पण हातपाय झाडत जमिनीवर कोसळणे हा आकडीचा एकच प्रकार. दुसरा प्रकार फार लबाड असतो. माणूस बोलता बोलता मध्येच थांबतो. डोळे उघडे, नजर एका जागी, ओठांची नकळत चाळवाचाळव. अर्ध्या-एक मिनिटाने तो भानावर येतो आणि मध्ये काय झाले हे त्याला आठवत नाही. कुणाला पोटातून काहीतरी वर चढत आल्यासारखे वाटते, कुणाला नसलेला जळका वास येतो, कुणाला 'हे सगळे आधी घडून गेले आहे' असा झटका येतो. कुणाचा अंगठा आपोआप उडतो, तर कुणाला दोन मिनिटे शब्दच सापडत नाहीत. अशा तक्रारी महिनोन् महिने ॲसिडिटी, ताण, अपुरी झोप यांच्या खात्यावर जमा होतात.

म्हणून घरच्यांनी दोन कामे करावीत. प्रसंग घडताना मोबाइलवर चित्रीकरण करावे आणि वहीत तारीख, वेळ, किती सेकंद, आधी काय वाटले, नंतर काय झाले हे लिहावे. न्यूरॉलॉजिस्टला अर्ध्या मिनिटाची ती चित्रफीत तासभराच्या वर्णनापेक्षा जास्त सांगते.

मोठी आकडी आली तर माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर तातडीने रुग्णालयात न्या.

प्रौढ वयात आयुष्यातली पहिली आकडी आली तर एमआरआय झालाच पाहिजे. नुसत्या सीटी स्कॅनमध्ये ही गाठ सुटू शकते. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, नॉर्मल आला म्हणजे गाठ नाही, असेही समजू नये.

गाठीमुळे एकदा आकडी आली की औषध सहसा लगेच सुरू होते. लेव्हेटिरासेटाम बरेचदा पहिले निवडले जाते, कारण पुढे लागणाऱ्या किमोथेरपीच्या औषधांशी त्याचे भांडण होत नाही. फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन ही आकडीची दुसरी औषधे यकृतातली औषधे मोडणारी यंत्रणा वेगवान करतात, त्यामुळे इतर औषधांचा प्रभाव घटू शकतो. लेव्हेटिरासेटामने काहींची चिडचिड फार वाढते. घरातले माणूस एकदम खेकसायला लागले तर 'आजाराने स्वभाव बदलला' असे म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांना सांगा. पर्याय आहेत. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांनी व्हॅल्प्रोएट या आकडीच्याच औषधाबद्दल आधी विचारून घ्यावे, गर्भाला त्याचा मोठा धोका असतो. एकदाही आकडी आलेली नसेल तर केवळ 'खबरदारी' म्हणून वर्षानुवर्षे या गोळ्या घेण्याचा फायदा दिसलेला नाही. आणि सुरू असलेली गोळी स्वतःच्या मनाने एका दिवसात बंद करू नये.

वाहन चालवणे, एकट्याने पोहणे, उंचावर चढून काम करणे तूर्त थांबवा. न्हाणीघराची कडी आतून लावू नका.

पायरी २: एमआरआय नीट करून घ्या, आणि त्याच्या मर्यादाही ओळखा

एमआरआय कॉन्ट्रास्टसह, म्हणजे शिरेतून उजळवणारे औषध देऊन, हवा. त्यात फ्लेअर आणि टी२ या मालिका (एकाच स्कॅनमधले प्रतिमांचे वेगवेगळे संच) महत्त्वाच्या, कारण ही गाठ तिथे पांढरी, ठळक दिसते. टी१ मालिकेत ती काळसर असते आणि कॉन्ट्रास्ट दिल्यावर सहसा उजळत नाही. सीटीमध्ये गाठीत कॅल्शियमचे खडे दिसले तर ऑलिगोडेंड्रोग्लायोमाची शंका बळावते. उलट टी२वर एकसारखी पांढरी दिसणारी गाठ फ्लेअरवर आतून काळवंडलेली आणि कडेला पांढरी दिसली, तर ती आयडीएच या जनुकात बदल असलेला (त्याबद्दल पाचव्या पायरीत) ॲस्ट्रोसायटोमा असण्याची दाट शक्यता असते. पर्फ्युजन (गाठीतला रक्तप्रवाह) आणि स्पेक्ट्रोस्कोपी (गाठीतली रसायने) या जोडतपासण्यांनी अंदाज आणखी पक्का होतो.

पण तो अंदाजच. 'कॉन्ट्रास्ट घेत नाही, म्हणजे लो ग्रेड' हे समीकरण धोक्याचे आहे. विशेषतः पन्नाशीपुढच्या माणसात अशीच दिसणारी गाठ आतून जहाल निघू शकते. कधी ती गाठच नसते, जंतुसंसर्ग किंवा दाह असतो. रक्ततपासणीने या आजाराचे निदान होत नाही. शेवटचा शब्द गाठीतून काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा.

तपासणी केंद्रातून निघताना नुसती फिल्म आणि दोन पानी रिपोर्ट घेऊन येऊ नका. सगळ्या प्रतिमांची मूळ डिजिटल फाइल मागून घ्या. ही पहिली फाइल पुढची दहा-पंधरा वर्षे कामी येणार आहे, का ते सातव्या पायरीत सांगतो.

पायरी ३: चाकू लागण्याआधीचे आठवडे

या आठवड्यांत सगळ्यात मोठा निर्णय होतो: कोणाकडून उपचार घ्यायचे. जिथे न्यूरोसर्जन, रेडिएशन आणि किमोथेरपीचे तज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून तुमच्या फाइलवर बोलतात, म्हणजे ट्यूमर बोर्ड भरते, अशी जागा निवडा. सर्जनला सरळ विचारा: अशा गाठींची ऑपरेशने तुम्ही नियमित करता का? रुग्णाला जागे ठेवून करता का? गाठीचा किती भाग निघेल असे वाटते, आणि काय गमवावे लागू शकते? जनुकीय तपासण्या कुठे होणार? चांगला सर्जन या प्रश्नांनी दुखावत नाही.

'आत्ता काहीच नको, नजर ठेवू' हा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. नॉर्वेतल्या दोन रुग्णालयांच्या तुलनेने त्याला मोठा धक्का बसला. एका ठिकाणी बायोप्सी करून, म्हणजे तपासणीपुरता छोटा तुकडा काढून, वाट पाहण्याचे धोरण होते, दुसऱ्या ठिकाणी गाठ लवकर काढण्याचे. रुग्ण कुठे जाणार हे त्याच्या राहत्या भागावरून ठरत होते, त्यामुळे तुलना बरीच न्याय्य होती. २०१२ साली निष्कर्ष आला: लवकर काढणाऱ्या रुग्णालयाचे रुग्ण जास्त जगले. आज सुरक्षितपणे निघेल तेवढी गाठ काढणे हीच पहिली पसंती आहे. दुसऱ्याच कारणाने काढलेल्या स्कॅनमध्ये सापडलेली अगदी लहान, शंकास्पद खूण असेल तर थांबता येते. पण त्या थांबण्याला तारीख हवी. साधारण तीन महिन्यांनी पुढचा एमआरआय.

पायरी ४: ऑपरेशन, आणि तेही जागेपणी

बोलण्याच्या किंवा हालचालीच्या भागाजवळ गाठ असेल तर सर्जन रुग्णाला मध्ये जागे करतात. हे ऐकून घरच्यांच्या पोटात गोळा येतो. पण मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत. त्वचा आणि कवटीचे आवरण बधिर केलेले असते. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड यांनी विसाव्या शतकात याच रीतीने मेंदूचे नकाशे काढले.

आत प्रत्यक्षात काय होते? समोर बसलेली तज्ज्ञ व्यक्ती एकेक चित्र दाखवते. रुग्ण म्हणतो, "हा हत्ती आहे. हे घड्याळ आहे. ही..." आणि थांबतो. चित्र ओळखीचे आहे, नाव जिभेवर आहे, पण बाहेर पडत नाही. त्या क्षणी सर्जनने मेंदूच्या एका ठिपक्याला सौम्य वीजप्रवाह लावलेला असतो. प्रवाह काढला की शब्द परत येतो: "ही छत्री." त्या ठिपक्यावर छोटी क्रमांकाची चिठ्ठी ठेवली जाते. ती जागा सोडायची. असे करत करत गाठीची खरी हद्द ठरते, आणि ती एमआरआयच्या चित्रापेक्षा कार्याच्या नकाशावरून ठरते. मला या सगळ्या उपचारात सर्वांत माणुसकीचा भाग हाच वाटतो. आपल्याच मेंदूचा कोणता तुकडा वाचवायचा, हे रुग्ण स्वतः बोलून सांगत असतो.

त्याआधी स्मरणशक्ती, लक्ष, भाषा यांची सविस्तर चाचणी करून घ्या. पुढे काय बदलले हे मोजायला आधीची नोंद लागते. कामासाठी दोन भाषा वापरत असाल, वाद्य वाजवत असाल, हिशेब करत असाल तर आवर्जून सांगा; ऑपरेशनमधल्या चाचण्या त्याप्रमाणे आखता येतात.

कपाळामागच्या भागाच्या मधल्या पट्ट्यातली गाठ काढल्यावर काही रुग्ण शुद्धीवर येतात तेव्हा एक बाजू हलवत नाहीत, बोलत नाहीत. घरचे हादरतात. हालचालींची जुळवाजुळव करणारा भाग दुखावल्याने हे होते, आणि सहसा काही आठवड्यांत ते बरेचसे भरून येते. ऑपरेशनपूर्वी ही शक्यता सांगितली गेली असेल तर तो पहिला दिवस जरा सुसह्य होतो, म्हणून विचारून ठेवा. ऑपरेशननंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत एमआरआय होतो, किती उरले ते बघायला.

गाठ खोल असेल किंवा दोन्ही बाजूंना पसरली असेल तर फक्त बायोप्सी. सुई लावल्याने गाठ भडकते ही भीती निराधार आहे. खरी अडचण वेगळी: छोटा तुकडा चुकीच्या जागेतून आला तर गाठीचा सर्वांत वाईट भाग नजरेआड राहतो. म्हणून नमुना कुठून घ्यायचा हे स्कॅनवरून आधी ठरलेले असावे.

पायरी ५: पॅथॉलॉजीचा रिपोर्ट पूर्ण होऊ द्या

पुढच्या सगळ्या उपचारांची किल्ली इथे आहे, आणि घाईही इथेच होते. सूक्ष्मदर्शकाखालचे वर्णन आणि ग्रेड आले की लोक रिपोर्ट हातात घेऊन निघतात. तो अर्धाच असतो.

२००८ साली ग्लायोमांत आयडीएच नावाच्या जनुकातला बदल सापडला आणि या आजाराचे वर्गीकरणच फिरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात नाव ठरते ते या बदलांवर. रिपोर्टमध्ये तीन उत्तरे शोधा.

आयडीएच बदललेले आहे का? बदललेले असणे ही तुलनेने चांगली बातमी. 'म्युटेशन' शब्द वाचून लोक खचतात, मुलांना होईल म्हणून रडतात. हा बदल जवळजवळ नेहमी फक्त गाठीच्या पेशींत असतो, आईवडिलांकडून आलेला किंवा मुलांना जाणारा नसतो. नेहमीची रंगचाचणी आयडीएच१ मधला एकच सर्वाधिक आढळणारा बदल पकडते. ती निगेटिव्ह आली आणि वय ५५ च्या आत असेल तर जनुकाचे वाचन, म्हणजे सिक्वेन्सिंग, करायला सांगा.

१पी आणि १९क्यू हे १ आणि १९ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे दोन्ही तुकडे नाहीसे झाले आहेत का? आयडीएचसोबत हेही असेल तर ऑलिगोडेंड्रोग्लायोमा. तो आणखी संथ असतो आणि औषधांना चांगला दबतो. तुकडे शाबूत असतील तर ॲस्ट्रोसायटोमा. त्यात एटीआरएक्स प्रथिन बहुधा हरवलेले असते.

ॲस्ट्रोसायटोमात सीडीकेएन२ए/बी हे जनुक पूर्ण गळाले आहे का? असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली गाठ कितीही सौम्य दिसो, ती चौथ्या ग्रेडची धरली जाते. आणि आयडीएच बदललेलेच नसेल, पण टर्ट जनुकाच्या प्रमोटरचा (जनुक चालू करणाऱ्या भागाचा) बदल, ईजीएफआर जनुकाच्या प्रतींची वाढ किंवा ७ आणि १० क्रमांकाच्या गुणसूत्रांतला ठरावीक बदल असेल, तर तो ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे सर्वांत आक्रमक ग्लायोमा. तिथे वाट पाहायची नसते.

गाठीचा तुकडा ज्यात जपतात तो मेणाचा ठोकळा आणि सूक्ष्मदर्शकाच्या काचा मागून घेता येतात. दुसरे मत हवे असेल तर त्या दुसऱ्या प्रयोगशाळेत नेता येतात.

पायरी ६: ऑपरेशननंतर काय?

वय ४० च्या आत, गाठ जवळजवळ पूर्ण निघालेली, आयडीएच बदललेले: अशांना सहसा फक्त नियमित एमआरआयवर ठेवले जाते. रेडिएशन 'आधीच देऊन टाकू' असे वाटणे साहजिक आहे. युरोपातल्या मोठ्या चाचणीत, जिचे अखेरचे निष्कर्ष २००५ मध्ये आले, लगेच रेडिएशन घेणाऱ्यांची गाठ जास्त काळ थोपली: ५.३ वर्षे, न घेणाऱ्यांची ३.४. पण एकूण आयुष्य दोन्ही गटांत सारखेच, सव्वासात वर्षांच्या आसपास. उलट नेदरलँड्समध्ये सरासरी १२ वर्षांनी तपासलेल्या रुग्णांत, रेडिएशन घेतलेल्यांची लक्ष देण्याची क्षमता घसरलेली दिसली. म्हणजे रेडिएशन वाईट असे नाही. ते योग्य वेळी वापरायचे हत्यार आहे.

गाठ बरीच उरली असेल किंवा वय ४० च्या वर असेल तर धोका जास्त. अमेरिकेतल्या २५१ रुग्णांच्या चाचणीत अशांपैकी निम्म्यांना फक्त रेडिएशन दिले आणि निम्म्यांना रेडिएशननंतर पीसीव्ही ही किमोथेरपी. मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्यापेक्षा जास्त जगले तो काळ) ७.८ वरून १३.३ वर्षांवर गेले. हा फरक मोठा आहे, आणि रेडिएशन द्यायचे ठरले की किमो जोडायचीच हा आजचा आधार इथून आला.

रेडिएशन म्हणजे चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मुखवटा, आठवड्यातले पाच दिवस, साधारण सहा आठवडे, २८ ते ३० बैठका. प्रत्येक बैठक काही मिनिटांची, न दुखणारी. थकवा मात्र येतो, आणि उपचार संपल्यावरही तो काही आठवडे रेंगाळतो. प्रोटॉन किरणांचा उपचार मिळत असेल तर निरोगी मेंदूला कमी किरणे लागतात.

पीसीव्हीत तीन औषधे: प्रोकार्बझीन, लोमस्टिन, व्हिन्क्रिस्टिन. प्रोकार्बझीन चालू असताना मुरवलेले चीज, आंबवलेले पदार्थ आणि मद्य टाळा, नाहीतर रक्तदाब एकदम उसळू शकतो. लोमस्टिनने रक्तपेशी चार-सहा आठवड्यांनी, म्हणजे विसरून गेल्यावर, खाली येतात. व्हिन्क्रिस्टिनने बोटांना मुंग्या येतात आणि पोट साफ होत नाही. टेमोझोलोमाइड सोसायला सोपे: कॅप्सूल, २८ दिवसांतले पाच दिवस. कोणते निवडायचे हे गाठीचा प्रकार आणि तब्येत बघून ठरते.

किमो सुरू होण्याआधी पुरुषांनी वीर्य आणि स्त्रियांनी बीजांडे गोठवून ठेवण्याबद्दल विचारावे. डॉक्टर घाईत हा विषय काढायचे विसरतात. तुम्ही काढा.

नवी भर म्हणजे व्होरासिडेनिब ही रोजची गोळी. बदललेल्या आयडीएचने तयार होणारे घातक रसायन ती रोखते. ऑपरेशनखेरीज दुसरा उपचार न झालेल्या, गाठ उरलेल्या किंवा परतलेल्या ३३१ रुग्णांत तिने गाठीची वाढ ११.१ ऐवजी २७.७ महिने थोपवली. हे निष्कर्ष २०२३ चे, आणि अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ती गाठ नाहीशी करत नाही, रेडिएशनची वेळ पुढे ढकलते. यकृताच्या चाचण्या ठरल्या वेळी कराव्या लागतात, आणि तिच्यामुळे संततिनियमनाच्या हॉर्मोन गोळ्यांचा प्रभाव कमी होऊ शकतो.

पायरी ७: दर एमआरआयला पहिली फाइल सोबत न्या

सुरुवातीला दर तीन ते सहा महिन्यांनी स्कॅन होतो. उपचार न झालेली अशी गाठ व्यासात वर्षाला साधारण ४ मिलिमीटर वाढते. आता हिशेब करा. सहा महिन्यांत वाढ २ मिलिमीटर. मोजमापात एवढी चूक सहज होते, म्हणून रिपोर्टवर येते 'मागील स्कॅनच्या तुलनेत लक्षणीय बदल नाही'. पुढच्या वेळी तेच. सहा वेळा तेच. तीन वर्षांत ३० मिलिमीटरची गाठ ४२ ची झालेली असते, म्हणजे आकारमानाने पावणेतीन पट, आणि प्रत्येक कागद म्हणतो स्थिर आहे. रेडिओलॉजिस्टला दरवेळी सांगा: मागच्या स्कॅनशी तुलना कराच, आणि पहिल्या फाइलशी व ऑपरेशननंतरच्या सर्वांत जुन्या स्कॅनशीही करा.

वाढ अचानक वेगात आली, गाठीत कॉन्ट्रास्ट नव्याने उजळू लागला, किंवा आटोक्यातल्या आकड्या पुन्हा सुरू झाल्या, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता दाखवा. रेडिएशननंतर दिसणारी नवी खूण मात्र प्रत्येक वेळी गाठच असते असे नाही; किरणांचा परिणामही हुबेहूब तसाच दिसतो, आणि तेव्हा पर्फ्युजन किंवा थोड्या अंतराने पुन्हा स्कॅन उपयोगी पडतो. गाठ परतली तर दुसरे ऑपरेशन, रेडिएशन, आधी न वापरलेले औषध हे मार्ग पुन्हा खुले असतात.

गर्भधारणेत काही गाठींचा वेग वाढतो, म्हणून बाळाचा विचार असेल तर आधी बोलून घ्या. कोणताही ठरावीक आहार ही गाठ थांबवतो असे सिद्ध झालेले नाही. किमो चालू असताना बाहेरची कोणतीही पुडी किंवा काढा डॉक्टरांना न विचारता घेऊ नका, यकृतावर दुहेरी भार पडतो.

थकवा, विसरभोळेपणा, मन उतरणे ही या आजाराची न दिसणारी बाजू. स्कॅन स्वच्छ असताना माणूस कामावर गोंधळतो आणि लोक म्हणतात, 'आता तर बरा आहेस की.' पुनर्वसन तज्ज्ञ आणि समुपदेशक हे सर्जनइतकेच उपचाराचे भाग आहेत.

आणि एक काम पहिल्याच वर्षात करून टाका, विशेषतः गाठ भाषेच्या भागाजवळ असेल तर. पुढे बोलणे कठीण झाले तर माझ्या वतीने कोणी ठरवायचे, कोणते उपचार मला हवेत आणि कोणते नकोत, पैशांची आणि कागदपत्रांची माहिती कुठे आहे, हे रुग्णाने स्वतःच्या शब्दांत लिहावे, सही करावी आणि तो कागद पहिल्या एमआरआयच्या फाइलशेजारीच ठेवावा.